टेलवाल्यांची पंगत

आमच्या चारीवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, पाणी वाटणारा पाटकरी चपला हातात घेऊन चालतो. कालव्याचं पाणी सुटलं की तो आधी टेलला, म्हणजे चारीच्या शेवटाला, आमच्या रानात येतो. पाण्यात पाय बुडवून बघतो आणि मगच वरची दारं उघडत माघारी जातो. आधी शेवटच्याला पाणी, हा कायदाच आहे. पण हा इथं नेमणुकीवर येण्याआधी वरच्या ऊसवाल्यांचं भिजून उरलं तरच आम्हाला मिळायचं.

"आधी आमचं भिजू दे, न्हायतर बदली करू," असा त्यांनी याला दमही दिला.

"कायदा खालनं वर चालतोय. मी बी तसाच चालतो की," एवढंच हा म्हणाला. त्याच्यामुळं यंदा आमची ज्वारी कणसात आली.

परवा त्याच्या लेकीचं लग्न होतं. मी सवयीनं पंगतीच्या टोकाला बसलो. जिलबीची परात घेऊन तो निघाला, तशी पुढच्या ऊसवाल्यांनी ताटं सरकवली. त्यांना ओलांडून तो अनवाणी थेट माझ्यापाशी आला.

"टेलवाले, ताट पुढं करा."

तो वाढत राहिला. पुरे म्हणायची मला सवयच नव्हती.