अंगठ्याखालचं बटण

सणसरच्या बुद्धघोष फोटोवाल्याला कुणी नुसतं ‘काय चाललंय’ विचारलं, तरी तो गळ्यातला कॅमेरा उलटा करून पाठीमागचं एक बटण दाखवायचा. विचारणारा ओळखीचा असला तर तोवर बराच लांब गेलेला असे. नवखा असला तर सापडे, आणि मग त्याला सगळं ऐकावं लागे. जगातले लोक वरचं बटण अर्धं दाबून फोकस धरतात आणि पुरतं दाबून फोटो काढतात, म्हणजे एकाच बोटावर दोन कामं लादतात. बुद्धघोषनं मात्र कामाची वाटणी करून टाकलेली. फोकस धरायचा तो अंगठ्यानं, मागच्या बटणावर. अंगठा उचलला की फोकस तिथंच थांबला. मग वरच्या बोटानं हवे तेवढे फोटो काढा, तो जागचा हलत नाही. एवढं सांगून झालं की तो ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं अशा अपेक्षेनं बघे, की टाळी वाजवावी की काय असा त्या बिचाऱ्याला प्रश्न पडे.

ह्या शहाणपणाच्या आधी त्याची एकदा चांगलीच शोभा झाली होती, हे मात्र तो आपण होऊन सांगत नसे. वडगाव निंबाळकरला एक लग्न होतं. शेवटच्या ‘सावधान’ला मांडवभर अक्षता उडाल्या आणि कॅमेऱ्यानं, जवळ येईल ते धरायचं ह्या आपल्या स्वभावाला जागून, नवरा-नवरी सोडून तांदूळ धरले. अल्बम घेऊन गेला तेव्हा नवरीच्या आजोबांनी, गेणबा तात्यांनी, ते पान बराच वेळ निरखलं आणि शांतपणे विचारलं, “तांदूळ लई झ्याक आलाय. इंद्रायणी हाय का?”

त्यानंतर कितीतरी दिवस बुद्धघोष मोबाईलवर व्हिडिओ बघत बसला आणि शेवटी कॅमेऱ्याच्या मेनूत शिरून त्यानं वरच्या बटणाकडून फोकसचं काम काढून घेतलं. पुढच्या लग्नात अक्षता उडायच्या आधीच नवरा-नवरी अंगठ्यानं धरून ठेवले, अंगठा उचलला, आणि तांदळाच्या धारेतही दोघं लख्ख उमटले. त्या दिवशी घरी आल्यावर जेवायचं सोडून त्यानं करुणाला तो फोटो मोठा करकरून दाखवला. करुणानं भाजी परत गरम केली.

करुणा त्याची बायको. स्टुडिओच्या पाटीवर ‘करुणा फोटो स्टुडिओ’ असं तिचं नाव लाल अक्षरांत, आणि पाटीखाली बसून पासपोर्ट फोटो कापायला तीच. स्टुडिओच्या भिंतीवर अर्ध्या तालुक्यातली जोडपी टांगलेली होती. नव्हतं ते ह्या दोघांचंच जोडपं. मोबाईलवरचे फोटो होते, पण ते भिंतीवर लावायच्या लायकीचे नव्हेत, असं मालकांचंच मत. आणि मालकांचा कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या हाती दिला, की तो माणूस कुणीही शहाणा माणूस दाबेल तसं वरचं बटण दाबायचा. त्या बटणाकडं तर फोकसचं कामच उरलं नव्हतं. फोकस आधी जिथं थांबला असेल तिथंच थांबलेला.

असंच एकदा नरसिंहपूरला झालं. जावळाचं काम होतं, करुणाही बरोबर गेली होती. काम उरकल्यावर संगमाच्या पायऱ्यांवर दोघं उभे राहिले आणि कॅमेरा एका यात्रेकरूच्या हाती दिला. त्याआधी बुद्धघोषनं सहज म्हणून पलीकडच्या काठावरची म्हैस टिपली होती. फोटोत दोघं म्हणजे नुसते दोन रंगीत ढग आले, आणि मागची म्हैस शिंगांसकट स्वच्छ. त्याला तो फोटो पुसून टाकायचा होता. करुणानं मोठा करून भिंतीवर लावला. कुणी विचारलं की सांगायची, “हा आमचा दोघांचा. आमी म्हशीच्या म्होरं हाय.”

गिऱ्हाईक हसे, तीही हसे. पण म्हशीच्या शेजारी तिनं एक खिळा ठोकून मोकळा ठेवला होता, आणि झाडलोट करताना त्या खिळ्यावरची धूळ ती न चुकता पुसायची. एक दिवसापुरतं बटण पूर्वीसारखं करा, असं तिनं कितीदा तरी सांगून पाहिलं. अंगठ्याची सवय मोडेल, असं त्याचं उत्तर ठरलेलं. बायकोनं काही हिऱ्याची कुडी मागितली नव्हती, पण ह्या गृहस्थाला ती दिली असती तर सोपं गेलं असतं.

मग लेकीचं, श्रेयाचं, लग्न ठरलं. बारामतीचं कार्यालय घेतलं. फोटो मीच काढणार, दुसऱ्याच्या हाती देणार नाही, असं बुद्धघोषनं जाहीर केलं. करुणा म्हणाली, काढा. पण स्टेजवर एक फोटो आपला दोघांचा हवा, आणि तो नीट हवा. त्यासाठी बटण परत वर लावायचं. त्यानं कबूल केलं, आणि मनापासून केलं. तो मोकळा खिळा त्यालाही दिसत होता. दिसत नसल्यासारखं करणं त्याला आता जड जाऊ लागलं होतं.

लग्नादिवशी पांढऱ्या कपड्यांतली मंडळी जमली, वंदना झाली, वधूवरांवर फुलांच्या पाकळ्या उडाल्या, आणि बुद्धघोष वधूपिता आहे हे सोडून बाकी सगळं त्याच्या ध्यानात राहिलं. बुद्धमूर्तीसमोरच्या मेणबत्तीचा तो जवळून फोटो घेत असताना करुणानं स्टेजवरून हात केला. तो धावत गेला. जाता जाता कॅमेरा मेव्हण्याच्या, दीपकच्या, हातात कोंबला आणि बायकोशेजारी उभा राहिला. दीपकनं मन लावून वरचं बटण दाबलं.

करुणा स्वतः खाली उतरून बघायला गेली. पुढं, मेणबत्तीइतक्याच अंतरावर, उभा असलेला माईक जाळीच्या भोकाभोकांसकट आला होता. मागं दोन ढग होते.

“ह्या वेळी म्हैस न्हाय आली,” ती म्हणाली. पण ह्या वेळी ती हसली नाही.

बटण परत वर लावायचं बुद्धघोष साफ विसरला होता. आत्ता करतो, असं म्हणत तो मेनूत शिरला. पण ते बटण बदलून इतकी वर्षं झाली होती, की ते कुठल्या पानावर बदललं होतं हेच त्याला आठवेना. ज्या बटणावर त्यानं तालुक्याला व्याख्यानं दिली, ते परत कसं लावायचं हे गुरुजी विसरले होते. आहेराची पाकिटं घेतलेली रांग पायऱ्यांपर्यंत आली, आणि घाम पुसत त्यानं तेच ते पान पुन्हा उघडलं.

तेवढ्यात पांढऱ्या साडीचा काठ उचलून नवरीच स्टेजवरून खाली आली. तिनं त्याच्या हातातून कॅमेरा काढून घेतला.

“पप्पा, वर जा.”

“अगं, पण आधी अंगठ्यानं...”

“अंगठ्यानं धरायचं, सोडायचं, मग बोटानं दाबायचं. धा वर्सं झाली, जेवताना बी हेच ऐकतीया मी.”

तो वर गेला. रांग थांबली, नवरदेव एकटाच एका बाजूला उभा राहिला. आता हातांचं काय करायचं ते बुद्धघोषला कळेना. गळ्यात कॅमेरा नाही म्हटल्यावर त्याचा उजवा अंगठा हवेतच काहीतरी दाबू लागला. करुणानं ते बघितलं आणि तो अंगठा आपल्या मुठीत धरून ठेवला. श्रेयानं कॅमेरा डोळ्याला लावला, अंगठा ठेवला, उचलला आणि फोटो काढला. काढून झाल्यावरही तिनं कॅमेरा डोळ्यावरून लगेच खाली घेतला नाही. बुद्धघोषला त्याचं कारण कळलं, आणि त्याच्याच्यानं तिकडं बघवेना.

तो फोटो आता म्हशीशेजारच्या खिळ्यावर आहे. परवा गेणबा तात्या पासपोर्ट फोटो काढायला आले आणि भिंतीसमोर उभे राहिले. त्यांनी फोटो निरखला, बाईंनी अंगठा का धरलाय ते विचारलं नाही, त्यांना दुसरंच काहीतरी खटकलं.

“लेकीच्या लग्नातला म्हन्तोस. मग नवरी कुठं हाय?”

करुणा कात्री थांबवून नवऱ्याकडं बघू लागली. आता कॅमेरा उलटा होणार, बटण निघणार, तात्या संध्याकाळपर्यंत अडकणार. पण बुद्धघोषनं कॅमेऱ्याला हात लावला नाही.

“तुमी उभं हाय न्हवं तात्या, तितं.”

तात्यांनी एकदा फोटोकडं बघितलं, एकदा पायाखालच्या फरशीकडं, आणि ते एक पाऊल बाजूला सरकले.