डॉक्टरकाकू आणि दूरचा तुरुंग

डॉक्टरकाकूंपुढे कोणी आपलं दुखणं काढलं, की त्या आधी दुसऱ्यांचीच चौकशी करत. "घरात अजून कोण खोकतंय?" माझ्या ऑफिसातला एकजण कंटाळून नोकरी सोडून गेला हे सांगितलं, तेव्हाही त्यांनी विचारलं, "आणि त्याच्या टीममधले बाकीचे कसे आहेत?" नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलमध्ये आयुष्यभर छातीचे रोगी तपासल्यामुळे असेल, पण माणूस एकटाच आजारी पडतो यावर त्यांचा विश्वासच नव्हता.

मी पुण्याहून वर्क व्हिसावर इंग्लंडला आलो आणि त्यांच्या घरातली वरची खोली भाड्याने घेतली. काका आधीच गेलेले, मुलगी कॉव्हेंट्रीला. "रिटायर हॉस्पिटलमधून झालेय रे, डोक्यातून नाही," असं त्या म्हणायच्या.

एका रविवारी आम्ही पोहे खात होतो आणि त्यांना एका अनोळखी वकीलबाईचा फोन आला. ती पूर्व युरोपातल्या एका छोट्या देशात कैद्यांच्या केसेस लढवायची. काकूंच्या हाताखाली शिकलेल्या कुणा डॉक्टरने तिला नंबर दिला होता. तिच्या एका अशिलाला तुरुंगात टीबी झाला होता. औषधं धड मिळत नव्हती, देशातल्या कोर्टांनी हात वर केले होते, आणि प्रकरण आता स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं होतं. तिला छातीच्या तज्ज्ञाचं मत हवं होतं.

काकूंनी लॅपटॉपवर त्याचा एक्स-रे पाहिला आणि नेहमीचाच प्रश्न विचारला. कोठडीत अजून कोण खोकतंय?

"केस फक्त याची आहे," वकीलबाई म्हणाली. "बाकीच्यांच्या वेगळ्या आहेत."

"वेगळ्या कशा? हवा एकच आहे ना?"

त्यानंतर मात्र ती बाई कामाला लागली. पाळीपाळीने झोपणारे कैदी, पत्रे ठोकलेल्या खिडक्या, आजारी आणि धडधाकट एकाच खोलीत, असं सगळं तिने गोळा करून पाठवलं. काकूंनी मत दिलं: हा माणूस बरा करून त्याच कोठडीत ठेवलात तर तो पुन्हा आजारी पडेल, आणि त्याच्या जागी दुसरा कोणी ठेवलात तर तोही.

निकालाआधीच तो कैदी वारला. वकीलबाईचा तो फोन ठेवून काकूंनी भाजीखालचा गॅस बंद केला आणि थंडीत मागच्या गार्डनमध्ये जाऊन बसल्या. मी शाल घेऊन गेलो. "त्याची बायको केस पुढे चालवणार म्हणतेय," एवढंच त्या बोलल्या.

निकाल आला तो त्यांनी किचनमध्ये मला मोठ्याने वाचून दाखवला. त्या माणसावर अन्याय झाला, हे तर होतंच. पण कोर्ट पुढे म्हणालं होतं की हे एकट्याचं नशीब नाही, त्या देशाची तुरुंगव्यवस्थाच सडलेली आहे. गर्दी कमी करा, आत येणाऱ्या प्रत्येकाला तपासा, कैद्याला देशातच दाद मागता येईल अशी सोय करा. तोवर, गंभीर आजारी सोडून, तिथल्या बाकीच्या कैद्यांच्या तशाच केसेस कोर्टाने थांबवल्या होत्या.

"थांबवल्या?" काकूंनी चष्मा काढला आणि लगेच फोन लावला. "टीबी थांबतो का?"

वकीलबाई शांतपणे म्हणाली, "एकेक केस जिंकत बसले तर एकेकाला भरपाई मिळेल, तुरुंग तसाच राहील. आता सरकारला मुदत आहे. ती पाळली नाही, तर सगळ्या केसेस पुन्हा उभ्या राहतील. डॉक्टर, हे तुमचंच म्हणणं आहे."

काकू हसल्या. "कधी नव्हे ते माझं कोणीतरी ऐकलंय, आणि मीच भांडतेय."

सरकारने आधी टाळाटाळ केली, मुदत वाढवून मागितली. मग हळूहळू खिडक्यांवरचे पत्रे निघाले, किरकोळ गुन्ह्यातले लोक सुटले, नवे डॉक्टर नेमले गेले. मी तोवर नोकरीसाठी मिल्टन कीन्सला गेलो होतो. एके दिवशी काकूंचा फोन आला, त्या स्वतः तो तुरुंग पाहून आल्या होत्या.

"तिथल्या डॉक्टरने नुकत्याच आत आलेल्या एका पोराचा एक्स-रे दाखवला. काहीही नव्हतं रे त्यात! इतका कंटाळवाणा एक्स-रे, पण मी बघतच बसले."

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. फ्युनरलला ती वकीलबाई आली होती. फोनवरच्या आवाजावरून वाटायची त्यापेक्षा खूपच तरुण. चहासाठी थांबा, असं काकूंची मुलगी म्हणाली, पण तिला संध्याकाळचं विमान गाठायचं होतं. मी तिला एअरपोर्टला सोडायला निघालो.

"एक जुना तुरुंग अजून सुधारायचा राहिलाय," गाडीत ती म्हणाली. "उद्या सकाळी सुनावणी आहे. पुढे ढकलता आली असती, पण डॉक्टर रागावल्या असत्या."

मी गाडीचा वेग वाढवला.