बराकीची किल्ली

१९६२ साली मुंबईहून आम्ही मराठी ज्यू कुटुंबं इस्रायलमधल्या नेगेव वाळवंटातल्या एका नव्या वस्तीत राहायला आलो. मला कापडाच्या कारखान्यात सकाळची पाळी मिळाली. शेजारी अलिबागकडची एक बाई राहायची. तिचा नवरा दिवसभर खाणीत असे. ती हळूहळू अंथरुणालाच खिळली. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर हिब्रूत विचारणार, ही नुसतं पोटाकडे बोट दाखवणार. मग पोटाच्या गोळ्या मिळायच्या.

एकदा ती मला म्हणाली, "बाय, सकाळपासून तोंडातून शबूद नाय निघाला. पोटाला काय धाड भरलीय?"

वस्तीच्या टोकाला एक लाकडी बराक रिकामी पडली होती. मी वस्तीचा कारभार बघणाऱ्या कौन्सिलच्या साहेबांकडे गेले. म्हटलं, बायकांना बसायला, हिब्रू शिकायला जागा द्या. ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, "सव्लानूत, गेवेरेत." म्हणजे धीर धरा, बाई. तीनदा गेले, तिन्ही वेळा तेच.

चौथ्यांदा गेलेच नाही. आम्ही सातजणींनी बराक झाडली, रॉकेलचा स्टोव्ह आणला, माझ्याजवळची मराठी पुस्तकं फळीवर मांडली. मोरोक्कोहून आलेली एक विधवा रोज दुपारी हिब्रू शिकवू लागली. पहिला धडा होता, कुठे दुखतं ते सांगायचं. धडा संपला की चहा आणि आमच्या ज्यू कीर्तनातली मराठी पदं. शेजारीण आधी दाराशी बसायची. महिन्याभरात पदं तीच सांगू लागली, आणि तिच्या आवाजाने बराक दणाणायची.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात एक दिवस गेलो तर दाराला कौन्सिलचं कुलूप. पुस्तकं बाहेर, धुळीत. आत सिमेंटची पोती रचलेली. मला रडू आलं नाही, संताप आला. पुस्तकं पदराने पुसली आणि म्हटलं, "चला, आजचा वर्ग कौन्सिलच्या पायऱ्यांवर."

सातजणी निघालो होतो, पोचेपर्यंत वीस झालो. वस्तीतल्या मोरोक्कोच्या बायकाही आपापल्या खुर्च्या घेऊन आल्या. विधवाबाईंनी भर उन्हात धडा सुरू केला आणि आम्ही घसा ताणून म्हणू लागलो. आत कुणाला कुणाचं ऐकू येईना. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी साहेब बाहेर आले. शेजारीण नेमकी मला मराठीत काही सांगत होती. ते ओरडले, "हा इस्रायल आहे. इथे हिब्रू बोला!"

ती उठली. हिब्रूत, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "तेच शिकतो आम्ही. तुम्ही आमची शाळा बंद केली. किल्ली द्या."

विधवाबाईंनी टाळी वाजवली आणि सगळ्या बायका हसत सुटल्या. साहेबांचा चेहरा लाल झाला. संध्याकाळपर्यंत पोती हलली. किल्ली त्यांनी माझ्याकडे केली. मी म्हटलं, "हिच्या हातात द्या. मागितली हिने."

पुढच्या वर्षी तिथे दर मंगळवारी नर्स येऊन बसू लागली. मराठी पुस्तकांशेजारी अरबी आणि फ्रेंच पुस्तकं आली. शेजारीण दवाखान्यात एकटी जाऊ लागली. पण आता तिला तिथे जायची गरजच कमी पडे. कौन्सिलने नंतर बराक वापरायच्या परवानगीचा फॉर्म पाठवला. आम्ही तो कधीच भरला नाही.