गाव बाहेर, वर्तुळ आत

शाळेच्या पाच बसगाड्या माझ्या गळ्यात पडल्या त्याचं कारण एवढंच की मी भूगोल शिकवते. संस्थेचे सचिव, म्हणजे एक निवृत्त सरकारी अधिकारी, भर सभेत म्हणाले, "नकाशे मॅडमचे, तेव्हा गाड्याही मॅडमच्या." याच हिशेबाने संगीताच्या सरांकडे शाळेची घंटा आणि विज्ञानाच्या बाईंकडे गॅसची शेगडी द्यायला हवी होती. पण मी गप्प बसले, कारण गाड्यांना जीपीएस लावा म्हणून वर्षभर सगळ्यात मोठा गळा मीच काढला होता.

त्यालाही कारण होतं. आदल्या वर्षी आमची एक बस कणकवलीच्या बाजूने येताना झाडीतल्या रस्त्यावर बंद पडली. तिथे फोनला रेंज नाही. सव्वा तास कुठल्याच आईला आपलं मूल कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. फाटकाशी उभ्या राहिलेल्या त्या बायकांची तोंडं मी पाहिली होती. जीपीएस असता तर निदान गाडीचं शेवटचं ठिकाण तरी कळलं असतं.

तर यंत्रं आली. माझ्या टेबलावर एक पडदा आला आणि त्यावर पाच गाड्या पाच रंगांच्या मुंग्यांसारख्या चालू लागल्या. प्रत्येक थांब्याभोवती मी स्वतः वर्तुळ काढलं. गाडीने वर्तुळात शिरायचं, थांबायचं, मुलं उतरवायची, मग पुढे जायचं. तसं झालं की पालकांच्या फोनवर निरोप जातो, 'बस थांब्यावर पोचली.' एका फेरीत एकही वर्तुळ चुकलं की चालकाच्या नावापुढे एक लाल खूण पडते, आणि ती खूण यंत्रातून पुसता येत नाही. नियमही मीच लिहिला. 'एका सत्रात तीन लाल खुणा झाल्यास चालकास सेवेतून कमी करण्यात येईल.' हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते दोनदा मोठ्याने वाचलं होतं. फारच भारदस्त वाटलं होतं.

तीन नंबरच्या गाडीचा चालक चोपन्न वर्षांचा होता. खाडीकाठचं त्याचं गाव, आणि त्याची गाडी त्याच गावाला जायची. इतक्या वर्षांत त्याच्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. सत्राच्या मध्यापर्यंत त्याच्या नावापुढे दोन लाल खुणा होत्या. पहिली, रस्त्यावर माड पडला म्हणून त्याने वळसा घेतला तेव्हाची. दुसरी, ताप भरलेल्या एका मुलीला त्याने थांब्यावर न सोडता थेट तिच्या दारात नेलं तेव्हाची. दोन्ही वेळा मी सचिवांकडे गेले. दोन्ही वेळा त्यांनी मला माझंच वाक्य वाचून दाखवलं. आता तिसरी खूण पडली की नोकरी जाणार होती, आणि चोपन्नाव्या वर्षी शाळेची गाडी चालवायला त्याला दुसरं कोण ठेवणार होतं?

अशात एके दिवशी तो स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाईनू, गावपळण लागली."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या इकडे काही गावं अशी आहेत की काही वर्षांनी एकदा ग्रामदेवतेला कौल लावतात, आणि कौल मिळाला की अख्खं गाव वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रे, सगळे. घरांना कुलपं लावून तीन दिवस तीन रात्री बाहेर झोपड्या घालून राहायचं. गावात कोणी पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी देवाला पुन्हा विचारायचं. देव हो म्हणाला तर परत, नाही म्हणाला तर आणखी राहायचं.

"पोरां शाळेत येतली," चालक म्हणाला. "पण मी वेशीच्या आत गाडी घालूचंय नाय. थांबे चारय आत आसत. मगे मी थांबू खंय?"

मी हसून म्हटलं, "त्यात काय, यंत्रात मार्ग बदलून घेऊ."

मी तेव्हा किती निरागस होते.

यंत्रात 'तात्पुरता मार्गबदल' नावाचं पान होतं. त्यात कारण निवडायचं होतं. रस्तादुरुस्ती, पूर, सुट्टी, मिरवणूक. आमचं कारण त्यात नव्हतं. मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडे एक अतिशय नम्र तरुण होता.

"मॅडम, गाव बंद आहे का?"

"बंद नाही. बाहेर गेलंय."

"कुठे गेलंय?"

"स्वतःच्या बाहेर."

थोडा वेळ नुसता टंकलेखनाचा आवाज आला. "मग मी 'सुट्टी' टाकू?"

"मुलं शाळेत येणार आहेत, सुट्टी कशी टाकता?"

"बरं. समाप्तीची तारीख आणि वेळ सांगा. ती भरल्याशिवाय पान पुढे जात नाही."

"ती कोणालाच माहीत नाही."

"मंजुरी देणारे जे असतील त्यांना विचारून घ्या ना."

"ते चौथ्या दिवशी सांगतात."

"मॅडम, त्यांचं पद काय लिहू?"

मी ग्रामदेवता असं सांगितलं. बिचाऱ्याने ते लिहूनही घेतलं असावं. पण तारखेवर तो हटला नाही, आणि सचिव तर त्याहून हटले नाहीत. "परंपरा तीन दिवसांची आहे ना? मग गुरुवारी दुपारी बारा वाजता संपवा. बेमुदत मार्गबदल ही पद्धत नाही." मी गुरुवार दुपार भरली. देवाच्या वतीने तारीख देऊन टाकणारी मी बहुधा पहिलीच मास्तरीण.

सोमवारी मी बसमधूनच गेले, नवी वर्तुळं जागेवर उभं राहून काढायला. वेशीपलीकडच्या माळावर गाव नव्याने उभं होतं. माडाच्या झावळांच्या झोपड्या, दोऱ्यांवर वाळणारे शाळेचे गणवेश, खुंट्याला बांधलेले कोंबडे. सोलकढीचं पातेलं बाजूला ठेवून एका चुलीवर बांगडे भाजणं चाललं होतं. मी फोन हातात धरून झाडाखाली उभी राहायची, बटण दाबायची, दहा पावलं सरकायची, पुन्हा दाबायची. एक म्हातारी हे बराच वेळ बघत होती.

"गो बाय, आमी देवाच्या शब्दान भायर इलाव. तू कोणाच्या शब्दान इलंस?"

"मशीनच्या," मी म्हटलं.

"मगे तुझो देव आमच्यापरास कडक आसा," ती म्हणाली, आणि बांगडा परतायला वळली.

तीन दिवस छान गेले. गाडी नव्या वर्तुळांत थांबत होती, निरोप जात होते, मी पडद्याकडे बघून स्वतःची पाठ थोपटत होते. गुरुवारी सकाळी देवाला विचारलं. अकराला चालकाचा फोन आला.

"बाईनू, देवान कौल देवूक नाय."

बाराला एक तास होता. मुदत वाढवायला सचिवांची मंजुरी लागते आणि सचिव देवगडला कोणाच्या तरी आंब्याच्या बागेत होते. मी सात वेळा फोन लावला. बारा वाजले आणि यंत्राने माझी माळावरची वर्तुळं पुसून जुनी गावातली परत आणली, अगदी वेळेवर. चालकांच्या बाबतीत असा वक्तशीरपणा मला कधी बघायला मिळाला नाही.

चारला शाळा सुटली. तेवीस मुलं बसमध्ये होती आणि मी पुढच्या सीटवर. वाटेत माझं डोकं भराभर चालत होतं. माळावर मुलं उतरली, आपापल्या झोपड्यांकडे पळाली. गाडी रिकामी झाली. वेस तिथून दिसत होती. तिच्यापलीकडे कुलपं लावलेली घरं आणि माझी चार वर्तुळं.

"तुम्ही जाऊ नका," मी चालकाला म्हटलं. "मी दोन नंबरच्या गाडीचा चालक बोलावते. तो तुमच्या गावचा नाही. रिकामी गाडी घेऊन तो आत एक फेरी मारेल, चारही ठिकाणी अर्धा मिनिट थांबेल आणि बाहेर येईल. खूण पडणार नाही."

खरं सांगते, युक्ती सुचल्यावर मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. त्याने इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

"आमची पाळण मोडतली, ता एक," तो म्हणाला. "पण ता सोडा. पोरां हयसर आसत. आणि मशीन सगळ्यांच्या फोनार सांगतला पोरां थंयसर आसत. मगे ह्या मशीन कित्याक लावलात, बाईनू?"

"तुमची नोकरी जाईल."

"जाव दे."

'जाव दे' म्हणताना त्याचा आवाज मात्र खाली गेला. मी त्याच्याकडे बघायचं टाळून वेशीकडे बघितलं. फाटकाशी उभ्या राहिलेल्या त्या बायकांसाठी हे यंत्र आणलं म्हणून वर्षभर मिरवणारी मी, आणि ते कशासाठी आहे हे मला सांगितलं कोणी, तर ज्याला ते यंत्र घरी बसवणार होतं त्याच माणसाने.

पाच वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर तिसरी लाल खूण पडली. साडेपाचला सचिवांना रेंज मिळाली आणि त्यांचा पहिला निरोप आला. 'उद्यापासून तीन नंबरवर दुसरा चालक.'

मी सुनावणीचा आग्रह धरला. नियमात सुनावणी नव्हती. ती नियम लिहिणाऱ्या विदुषीला सुचली नव्हती. पण मी इतकं बोलले की त्यांनी कंटाळून शुक्रवारी दहाची वेळ दिली.

शुक्रवारी नवा चालक माळावरून रिकामी गाडी घेऊन परतला. पालकांनी मुलं बसमध्ये चढवलीच नव्हती. त्यांनी दोन टेम्पो करून मुलं शाळेत आणली, आणि मुलांबरोबर स्वतःही आले. एरवी पालकसभेला पाच माणसं जमत नाहीत. त्या दिवशी घरी जायला बंदी, घराजवळच्या शेतात जायला बंदी, त्यामुळे अख्ख्या गावाला वेळच वेळ. ते आमच्या आंब्याखाली येऊन बसले. भाकऱ्याही बांधून आणल्या होत्या. एकाने कोंबडाही आणला होता. मागे सांभाळायला कोणी नव्हतं म्हणे.

सचिव ओसरीवर आले आणि थबकले. "तुमची काही तक्रार आहे का?"

ऑफिस समोर दिसलं की आमच्याकडची माणसं लगेच पुस्तकी बोलू लागतात. एक गृहस्थ उठून हात जोडून म्हणाले, "नाही साहेब. आमची काहीही तक्रार नाही. आम्ही केवळ बसलेलो आहोत."

"किती वेळ बसणार?"

"ते आमच्या हातात नाही साहेब."

सुनावणी ओसरीवरच झाली. चालक खांबापाशी उभा होता, टोपी हातात. सचिवांनी मला नियम वाचायला सांगितलं. मी वाचला. माझं ते भारदस्त वाक्य शंभर माणसांसमोर फारच किरटं ऐकू आलं.

सचिव चालकाकडे वळले. "पुन्हा अशी वेळ आली तर काय कराल?"

"पोरां जंय आसतली थंय गाडी नेतलंय," तो म्हणाला. ऑफिससमोरही त्याने भाषा बदलली नाही.

सचिव माणूस वाईट नाहीत. त्यांना फक्त कागदात बसणारं उत्तर लागतं. म्हणून मी म्हटलं, "सर, गाडी मुलांपाशी होती. चुकीच्या जागी वर्तुळ होतं, आणि ते मी काढलेलं. खूण माझ्या नावावर घ्या."

"खूण चालकांनाच पडते. शिक्षकांसाठी तिथे रकाना नाही."

"मग रकाना करा."

त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग शिपायाकडून कागद मागवला आणि तिथेच सुधारित नियम लिहिला. तिसरी खूण पडली तर आधी वर्तुळ तपासायचं, वर्तुळ चुकीचं निघालं तर दोष ते काढणाऱ्याचा. तिसरी खूण माझ्या नावावर लिहिली गेली. चालकाला चावी परत मिळाली. त्याने ती खिशात घातली, मग पुन्हा बाहेर काढून हातातच धरून ठेवली.

"आणि," सचिव लिहिता लिहिता म्हणाले, "गाव परत जाईपर्यंत मुदत रोज एका दिवसाने वाढेल. वर्तुळ काढणाऱ्याने रोज सकाळ-संध्याकाळ स्वतः गाडीत बसून प्रत्येक थांबा जागेवर तपासावा."

आंब्याखालून कोणीतरी समाधानाने हुंकार दिला. मला संशय आहे तो त्या म्हातारीचा होता.

तर शनिवारी पहाटे पाचला मी उठले. अंथरुणातूनच चालकाला फोन लावला आणि विचारलं, कौल मिळाला का. नाही म्हणाला. त्या दिवशी मी त्याला आणखी चार वेळा विचारलं. रविवारी शाळा नव्हती, तरी दोनदा विचारलं. शेवटी तो म्हणाला, "बाईनू, गावातल्यांका इतकी घाई नाय."