पीटीच्या सरांची दुसरी पसंती

शिक्षक मतदारसंघाची निवडणूक जाहीर झाली त्या आठवड्यात आमच्या पीटीच्या सरांनी स्टाफरूममध्ये सहज सांगितलं, "मागच्या टायमाला मी आपल्या माणसाच्या नावाफुडं बरोबरची खूण करून आलो."

सर मूळचे वैरागचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. तरी मी स्पष्टच बोलले, "मग ते मत बाद झालं, सर. इथं खूण चालत नाही, आकडे लिहायचे. आवडत्याला एक, त्याच्यानंतरच्याला दोन."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "सहा वर्षं झाली, कुणी बोललं न्हाय की."

मी गणित शिकवते. हे नुसतं तोंडी सांगून डोक्यात उतरत नाही, हे मला माहीत होतं. स्टाफची सहल ठरायचीच होती. वहीची पानं फाडून अकरा जणांना अकरा चिठ्ठ्या दिल्या. हॉटेलात जेवण, मंगळवेढ्याला हुरडा, नाहीतर सिनेमा. तिन्हींपुढं पसंतीचे आकडे टाकायचे.

सरांचं पेन अडलं. "दोन लिवलं तर माझ्या एकचा जोर कमी हुईल, मॅडम."

"नाही होत. तुमचा एक बाद झाला तरच दोन बघतात."

मोजलं. हॉटेल पाच, हुरडा चार, सिनेमा दोन. हॉटेलवाले उठायला लागले, त्यांना मी बसवलं. निम्म्याहून जास्त, म्हणजे सहा लागतात. सहा कुणालाच नाहीत, म्हणून सगळ्यात मागचा सिनेमा बाद. त्या दोन चिठ्ठ्या पुन्हा उघडल्या. दोन्हींवर हुरड्यापुढं दोन होता. हुरडा सहा, हॉटेल पाच.

"पुढं असून आम्ही हरलो?" इंग्रजीच्या बाईंनी विचारलं.

"हुरडा जास्त जणांना चालतो," मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही, पण चिठ्ठ्या स्वतः मोजून त्यांनी माझ्याकडं परत दिल्या.

"सिनेमा माझाच हुता," सर म्हणाले. "पर मत वाया न्हाय गेलं."

मतदानाला आम्ही एकाच रांगेत होतो. केंद्रावर मिळतं त्याच जांभळ्या स्केचपेननं लिहायचं असतं. सर आत बराच वेळ होते. बाहेर येऊन ते आपणहून म्हणाले, "तिघांना आकडे दिले. बाकीची नावं वाचली आन सोडून दिली."

त्यांचा पहिला उमेदवार मोजणीत बाद झाला. पेपरात ते वाचून सर परिपाठाच्या आधी पेपर घेऊनच माझ्याकडं आले आणि त्यांनी दोन नंबर दिलेल्या नावावर बोट ठेवलं.

"माझं मत आता दुसऱ्याकडं गेलं आसंल?"

"तो तेव्हा शर्यतीत होता, सर. म्हणजे गेलंच."

"मग ठीक हाय," म्हणाले, आणि मुलांच्या रांगा लावायला मैदानावर गेले.