हनीफने न ठोकलेला नंबर

मय्यतीच्या आंघोळीचं पाणी चुलीवर तापत होतं आणि रमणशेठ माझ्यापुढे कागद धरून उभे होते. आतल्या खोलीत माझा धाकटा भाऊ हनीफ चादरीखाली पडला होता. सकाळी चहा अर्धा ठेवून छाती धरून बसला, तो उठलाच नाही. शेठ म्हणाले, दुरुस्तीला दिलेली माझी गाडी तुमच्या शेडमधून घेऊन जातो, तेवढ्यापुरती सही द्या. कागद इंग्रजीत होता. मी चौथी शिकलेली, मराठी वाचते, सही करते. पेनही त्यांनीच दिला. मी सही केली.

चाळिसावा झाल्यावर हनीफच्या मुलीने, रेश्माने, शेठच्या माणसाकडून मागून आणलेली त्या कागदाची झेरॉक्स मला वाचून दाखवली. त्यात लिहिलं होतं की, हनीफ मिस्त्रीने या गाडीचं इंजिन तपासलं असून त्यावरचा नंबर कारखान्यातला, मूळचा आहे, त्याला कोणीही हात लावलेला नाही, आणि याला त्याची बहीण साक्षीदार आहे. मी पोरीला पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच निघालं.

हे खोटं आहे. म्हणून लिहायला बसले आहे. हनीफ फार मोठा माणूस होता असं काही मला सांगायचं नाही. चिडका होता, तंबाखू खायचा, बायको गेल्यावर चार वर्षं माझ्याशीही धड बोलला नाही. पण खोटा नव्हता.

आमचं शेड वडशाला, रेल्वे फाटकाच्या अलीकडे. गाडी रमणशेठच्या आजोबांची. ते जंगलाचे ठेकेदार. दिल्लीच्या कुठल्या तरी परदेशी साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती. अंग इटलीचं, पसरट, बसलेल्या बेडकासारखं... आणि पोटात अमेरिकेचं आठ सिलिंडरचं इंजिन. पेट्रोल परवडेना तेव्हा आजोबांनी ते इंजिन काढायला लावलं आणि जीपचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. आमच्याकडे तेव्हा सगळेच तसं करत. काढलेलं इंजिन नागभीडकडच्या एका भाताच्या गिरणीत गेलं. हनीफ तेव्हा बाविशीचा, उस्तादांच्या हाताखाली. मी त्या दिवशी दोघांचा डबा घेऊन गिरणीत गेले होते. पट्ट्याच्या पुलीसाठी ब्रॅकेट बसत नव्हतं. इंजिनाच्या तोंडाशी बोटभर लांबीची सपाट जागा होती, तिच्यावर नंबर कोरलेला. उस्ताद म्हणाले, घास. हनीफने कानस घेतली आणि नंबर घासून जागा आरशासारखी केली. कोणाला काय त्याचं? ते भंगार होतं. मग आम्ही तिघं जेवलो. वांग्याची भाजी होती.

साडेतीन वर्षांपूर्वी रमणशेठ ती गाडी ट्रॅक्टरमागे ओढत घेऊन आले. म्हणाले, अशा गाड्यांना पूर्वी शौकीन लोक नाक मुरडायचे, इटलीच्या अंगात अमेरिकेचं इंजिन म्हणजे बाटलेली गाडी म्हणायचे, आता त्यांचेच भाव चढलेत. मात्र इंजिन तिचं स्वतःचं पाहिजे. तसली इंजिनं अमेरिकेत ढिगाने निघाली, कुठलंही आणून बसवता येतं, म्हणून घेणारा आधी नंबर बघतो. जुन्या आरसी बुकातला नंबर इंजिनावर सापडला तर एक भाव, नाही सापडला तर निम्माही नाही.

हनीफने गिरणी शोधून काढली. इंजिन तिथेच, कोंड्यात गाडलेलं. ते त्याने आणलं, खोललं, धुतलं, जोडलं. कुजलेला पत्रा कापून हाताने ठोकून नवा केला. सीटचं कातडं मी शिवलं, दोन सुया मोडल्या. तीन वर्षं त्याने दुसरं मोठं काम घेतलं नाही. इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा शेडचा पत्रा थरथरला आणि तो चार वर्षांनी माझ्याकडे बघून हसला. "आपा, गिरणीत भात कांडून कांडून याची तब्येत चांगली राह्यली पाय," म्हणाला.

मग नंबरचं निघालं. रमणशेठनी आरसी बुक पुढे केलं आणि म्हणाले, यातला नंबर इंजिनावर पंचाने ठोकून दे. त्यांचं म्हणणं असं की यात खोटं काहीच नाही, इंजिन तेच आहे, नंबरही त्याचाच. मलाही तेव्हा ते पटलं होतं, हे कबूल करते. हनीफ हात पुसत म्हणाला, "इंजिन खरं हाय, शेठ. पण ठोका खोटा होते. मी घासला तो नंबर. मी घासला असं लिहून देतो, पायजे तिथी कसम खातो."

"तुह्या कसमेले कोण विचारते तिथी?" शेठ म्हणाले. "वडशाच्या मिस्त्रीच्या शब्दावर लोक करोड लावतीन काय?"

"मंग काऊन आणली वडशाच्या मिस्त्रीकडे?"

ते निघून गेले. पुढे तीन महिने माणसं पाठवत राहिले, गोड बोलून, मग कामाचे उरलेले पैसे अडवून. हनीफ वाकला नाही. मी त्याला मूर्ख म्हणाले. त्या सकाळीही म्हणाले होते... चहा देताना.

जिवंत होता तेव्हा त्याच्या शब्दाला भाव नव्हता. मेल्यावर त्याच्याच नावाने खोटा शब्द लिहिला, खाली माझी सही घेतली आणि गाडी पुऱ्या भावाला विकली. रेश्माने मोबाइलवर जाहिरात दाखवली. माझं शिवलेलं कातडं चमकत होतं. इंजिनाचा जवळून फोटो होता, त्यावर नंबर. त्यात दोन सात.

लोखंडावर आकडे ठोकायच्या हनीफच्या पंचांच्या डब्यात सातचा पंच नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हरवला. नवा घे म्हटलं तर म्हणायचा, एकाने काम भागते. इंग्रजी सात पाहिजे असला की तो एकचा पंच ठोकायचा आणि वर छिन्नीने आडवी रेघ मारायचा, डावीकडे जरा जास्त लांब. वडशाच्या नाटक कंपन्यांच्या मंडपाचे पाइप त्यानेच नंबर टाकून दिलेत. हिवाळ्यात मंडप उभा राहतो तेव्हा जाऊन बघा, प्रत्येक सात तसाच आहे, वाकड्या टोपीचा. फोटोतले दोन्ही सात सरळ, गोलसर, बाजारच्या पंचाचे.

हा पुरावा कुठे चालणार नाही, मला माहीत आहे. नवा पंच कोणीही आणू शकतो असं म्हणतील. म्हणोत. डबा माझ्या खाटेखाली आहे. रोज झाडताना हलवते, तेव्हा वाजतो.

कागदावरची सही माझी आहे. मजकूर माझा नाही, हनीफचाही नाही. गिरणीत नंबर घासला तेव्हा आम्ही तिघं होतो. उस्ताद गेले. हनीफ गेला. मी जिवंत आहे.