पाय वेळेवर उचलला होता

माझ्या भाचीने पाय वेळेवर उचलला होता. आमच्या नातेवाइकांत, सुरतेपासून थेट गावापर्यंत, याच्या उलट सांगितलं जातं. ते मीच पसरवलं, म्हणून हे आधी लिहितो.

सुरतेजवळ कडोदऱ्याला कापडाच्या लूमवरची पाळी संपली की संध्याकाळी मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कराटे शिकवायचो. लाथ हाताने अडवू नका, पायाने अडवा, असं माझं सांगणं. गुडघा वर घ्यायचा, नडगी थोडी बाहेर वळवायची, पंजा ताठ ठेवायचा आणि समोरच्याची लाथ गुडघ्याच्या जरा खाली झेलायची. त्यासाठी हाड कणखर हवं म्हणून मी सगळ्यांना नडगीवरून काचेची बाटली जोर देऊन फिरवायला लावायचो. मलाही कुणीतरी तसंच शिकवलं होतं. बरोबर की चूक, मी कधी विचारलं नाही.

भाची कॉलेजसाठी माझ्याकडे राहायची. घरी ती मला मामा, तू म्हणायची आणि गच्चीवर सर.

"सर, बाटलीने हाड घट्ट होतं, तर सोडावाल्याच्या नादी कुणी लागायलाच नको."

सगळे हसले. मी तिला उठाबशा काढायला लावल्या.

तिला पोलिसात जायचं होतं. रोज पहाटे कालव्याच्या कडेने धावायची. कराटेची स्पर्धा जवळ आली तेव्हा तिने डावी नडगी मला दाखवली. सूज होती. बोट लावलं की तोंड वाकडं करायची.

"मामा, झोपू देत नाही रे हे."

"हाड पक्कं होतंय. पट्टी बांध. आणि आईला फोनवर सांगू नको, गावाला बोलावून घेईल."

तिने नाही सांगितलं. स्पर्धेत समोरच्या मुलीची पहिलीच लाथ तिने डाव्या नडगीवर घेतली. गुडघा वर, पंजा ताठ, अगदी वेळेवर. मोडल्याचा आवाज मला मॅटच्या बाहेर ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी बहीण गावाहून आली. तिला गुजराती कळत नव्हतं आणि भाचीला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला आणि मला विचारलं, "आ तो जूनी तिराड छे. आवा पगे एने रमाडी कोणे?" हाडाला आधीच तडा होता, अशा पायाने हिला खेळवलं कोणी, असं ते विचारत होते.

बहिणीने माझी बाही ओढली. "काय म्हणस तो, दादा?"

"पोरनी पाय उशिरा उचला, म्हणस."

बहिणीने कपाळाला हात लावला. पुढे ती हे प्रत्येकाला सांगत राहिली, आणि विचारलं कुणी तर मीही मान हलवत राहिलो. भाचीचा पाय आखूड राहिला. भरती गेली. आता ती सुरतेतच, पर्वत पाटियाजवळ नवऱ्याच्या घरी बसून साड्यांना खडे चिकटवते. बहीण गेल्या वर्षी वारली.

गेल्या महिन्यात मी भाचीकडे जाऊन सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते तेही. तिचा हात साडीवर चालूच होता.

"नाही मामा, उशीर मीच केला. मला आठवतं ना."

"मी जे सांगितलं ते तुला आठवतं."

ती भिंतीला धरून उठली. "हे बघ, एवढा उशीर." तिने डावा पाय उचलला. गुडघा कमरेपर्यंतही आला नाही.

"तेव्हा असा नव्हता उचललास तू."

"असाच होता. राहू दे रे. वय झालं की माणूस सगळंच स्वतःवर घेतो." तिने मला चहा दिला आणि पुन्हा साडीवर वाकली.

तेवढ्यात तिची मुलगी आली. क्लासची बस चुकली म्हणून रडवेली झाली होती.

"आळस केलास ना?" भाची म्हणाली. "मी पाय उचलायला आळस केला, काय झालं बघतेस ना रोज?"

"खोटं आहे ते," मी म्हणालो. "तुझ्या आईने पाय वेळेवर उचलला होता."

मुलीने आईकडे पाहिलं. भाचीने तिला डोळा मारला आणि दोघी हसल्या.